स्टाउटमधली कॉफी येते कुठून?

स्टाउट पहिल्यांदा पिणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: यात कॉफी घातली आहे का? गिनेसमध्ये ती नसते. श्रीलंकेच्या लायन स्टाउटमध्येही नसते. तरी पेला नाकाशी नेला की बिनदुधाच्या कडक कॉफीचा वास येतो, आणि घोट गिळल्यावर मागे राहणारा कडवटपणाही तिचाच वाटतो. मग ज्या स्टाउटमध्ये खरोखरीच कॉफी घालतात, तिच्यात ही नवी कॉफी नेमके काय काम करते?

माझे उत्तर असे आहे. रंग, जाडी आणि कडवटपणा यांतला मोठा वाटा जवाचाच असतो. कॉफीच्या बिया आणतात तो प्रामुख्याने सुगंध, आणि बिअरमधल्या सगळ्या गोष्टींत सुगंध सर्वांत आधी उडून जातो. म्हणून कॉफी स्टाउट चाखताना पाहायचे ते या दोघांचे जमणे. भाजलेला जव आणि भाजलेली कॉफी एकमेकांना उचलून धरतात का, की एक दुसऱ्याला झाकून टाकते? हे तपासायला मला सर्वांत योग्य वाटते ती मॉन्ट्रियलच्या 'द्यू द्यू सिएल' ब्रुअरीची 'पेशे मोर्तेल'. नावाचा अर्थ महापाप, आणि मद्यार्क ९.५ टक्के. पण तिच्याकडे येण्याआधी थोडे मागे जावे लागेल, कारण बिअर आणि कॉफी यांचे नाते तिच्या जन्माच्या जवळपास दोनशे वर्षे आधी जुळले.

बिअरचा मुख्य कच्चा माल म्हणजे जव भिजवून, मोड आणून, वाळवलेले दाणे. त्यांना माल्ट म्हणतात. मोड येताना दाण्यात एन्झाइम्स तयार होतात. पुढे त्या दाण्यांचा भरडा गरम पाण्यात मुरवला की ही एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात, आणि ती साखर खाऊन यीस्ट मद्यार्क तयार करते. अठराव्या शतकातल्या लंडनची आवडती बिअर होती पोर्टर. रस्त्यांवर आणि थेम्सच्या धक्क्यांवर ओझी वाहणारे हमाल ती पीत, त्यांच्यावरूनच तिचे नाव पडले. तिच्यातल्या जास्त कडक प्रकाराला स्टाउट पोर्टर म्हणत, आणि हळूहळू नुसते स्टाउट हेच नाव उरले.

ही पोर्टर ब्राउन माल्टची असे. लाकडाच्या जाळावर झटपट वाळवल्यामुळे त्या माल्टला तपकिरी रंग आणि धुराची छटा येई. माल्ट स्वस्त होते, म्हणून ब्रुअर खूश होते. मग त्यांच्या हाती सॅकरोमीटर आला. पाण्यात तरंगणारे हे साधे उपकरण माल्टमधून पाण्यात किती साखर उतरली ते दाखवते. हल शहरातल्या जॉन रिचर्डसन यांनी १७८४ मध्ये त्याच्या वापरावर लिहिले, आणि हिशेब उघडा पडला. फिकट माल्टमधून कितीतरी जास्त साखर मिळत होती, म्हणजे स्वस्त दिसणारे ब्राउन माल्ट प्रत्यक्षात महाग पडत होते. ब्रुअर फिकट माल्टकडे वळले. पण गिऱ्हाइकाला पोर्टर काळपटच हवी होती.

मग रंगासाठी नाना उद्योग सुरू झाले. जळलेल्या साखरेचा काळा पाक घालायला ब्रिटिश सरकारने १८११ मध्ये परवानगी दिली, आणि भेसळीच्या भीतीने १८१६ मध्ये ती काढूनही घेतली. बिअरमध्ये माल्ट आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) यांच्याशिवाय रंगासाठी काहीही चालणार नाही, असा नियम झाला. दुसऱ्याच वर्षी, १८१७ मध्ये, डॅनियल व्हीलर यांनी पेटंट घेतले. कॉफी भाजण्यासाठी वापरतात तसेच फिरते लोखंडी पिंप त्यांनी माल्टसाठी योजले. दाणे सतत उलटेपालटे होत राहतात, त्यामुळे पेट न घेता सुमारे २०० अंश सेल्सिअस आणि त्याहून वरच्या उष्णतेला ते आतपर्यंत काळे होतात. नुसत्या माल्टपासून बनलेला, कायद्यात बसणारा काळा रंग मिळाला.

स्टाउटच्या इतिहासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी घटना हीच. रंगाची अडचण सोडवायला गेलेल्या माणसाने चव बदलून टाकली. धुरकट तपकिरी बिअरच्या जागी खरपूस, काळी, कोरड्या कडवटपणाची बिअर आली, आणि तिची चव कॉफीजवळ गेली यात नवल नाही, कारण भाजण्याची रीतच कॉफीची होती. या काळ्या माल्टचे प्रमाण एकूण धान्यात अगदी थोडे असते, बहुधा दहा टक्क्यांच्या आत. थालीपिठाच्या भाजणीत मेथीदाणे मूठभरच पडतात, पण जास्त झाले की सगळे पीठ कडू होते; काळ्या माल्टचेही तसेच आहे. पुढे १८८० मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी माल्टवरचा कर काढून तो तयार बिअरवर बसवला, आणि मोड न आणलेला जव वापरण्याची वाट मोकळी झाली. असा जव सरळ भाजून घातला की आणखी तीव्र, कॉफीच्या अधिक जवळची चव येते. आजच्या कोरड्या आयरिश स्टाउटमधला खरपूस कडवटपणा मुख्यतः त्याचा.

जव हे गवतवर्गातले धान्य आणि कॉफी ही एका झुडपाच्या फळातली बी. तरी भाजल्यावर दोघांचा वास इतका सारखा का, याचे कारण भट्टीत आहे. साखर आणि अमिनो आम्ले एकत्र तापली की त्यांच्यात साखळीने शेकडो नवी संयुगे तयार होतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मेलार्ड यांनी १९१२ मध्ये या अभिक्रियेचे वर्णन केले, आणि तिला त्यांचेच नाव आहे. पायराझिन गटातली संयुगे भाजक्या शेंगदाण्याचा आणि पावाच्या कडेचा वास देतात, फ्युरान गटातली कॅरॅमलचा, आणि मेलॅनॉइडिन नावाचे मोठे रेणू काळा-तपकिरी रंग देतात. कॉफी आणि काळे माल्ट साधारण सारख्याच उष्णतेला भाजले जातात, त्यामुळे या यादीतली बरीच नावे दोन्हीकडे सापडतात.

फरकही तितकेच महत्त्वाचे आहेत. अरेबिका कॉफीच्या बीमध्ये तेल सुमारे १५ टक्के असते, जवात ते फारच थोडे. कॉफीत क्लोरोजेनिक आम्ले भरपूर असतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातले थॉमस हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ च्या सुमारास दाखवले की कॉफीच्या कडवटपणात कॅफिनचा वाटा लहान आहे. मध्यम भाजणीत क्लोरोजेनिक आम्लांपासून तयार होणारे लॅक्टोन कडवटपणा देतात. भाजणी गडद होत गेली की त्यांचेच पुढे फिनाइलइंडेन होतात, आणि त्यांचा कडवटपणा जास्त राठ असतो व जिभेवर रेंगाळतो. गडद एस्प्रेसो गिळल्यावर बराच वेळ जिभेच्या मागे जे चिकटून राहते ते हेच. जवाच्या कडवटपणाला ही चिवट शेपटी नसते, तो कोरडा असतो आणि लवकर ओसरतो. दोन्ही सवयीचे झाले की पेल्यात कोणता कोणाचा हे जिभेला वेगळे सांगता येते.

कॉफीच्या सुगंधाची गुरुकिल्ली मात्र गंधकात आहे. हेर्मान श्टाउडिंगर आणि टाडेउश राइखश्टाइन हे दोन रसायनशास्त्रज्ञ १९२० च्या दशकात कृत्रिम कॉफीच्या सुगंधावर काम करत होते. पुढे दोघांनाही वेगवेगळ्या संशोधनासाठी नोबेल मिळाले. भाजलेल्या कॉफीत त्यांना फर्फ्युरिलथायॉल हे गंधकयुक्त संयुग सापडले. अब्जावा भागसुद्धा नसतानाही ते नाकाला कळते. इतके तीव्र असूनही ते नाजूक आहे. हवा लागली की बिघडते आणि नुसते ठेवले तरी कमी होत जाते. दळलेल्या कॉफीचा डबा उघडताच येणारा तो दरवळ आठवड्याभरात का मंदावतो, आणि सहा महिने पडून राहिलेली कॉफी स्टाउट का मुकी होते, याचे बरेचसे उत्तर या एका संयुगात आहे.

आता खऱ्या कॉफीकडे येऊ. कॉफीसारख्या चवीच्या बिअरमध्ये कॉफीच घालून पाहू, हा विचार अमेरिकेत १९९० च्या दशकात जोमाने फोफावला. सिअॅटलच्या रेडहुक ब्रुअरीने स्टारबक्सची कॉफी घालून 'डबल ब्लॅक स्टाउट' काढली. गॉर्डन बाउकर हे १९७१ मध्ये स्टारबक्स सुरू करणाऱ्यांपैकी एक आणि १९८१ मध्ये रेडहुक सुरू करणाऱ्यांपैकीही एक, तेव्हा हा संबंध घरातलाच म्हणायचा. विस्कॉन्सिनच्या न्यू ग्लेरसनेही त्याच दशकात कॉफी स्टाउट केली. मग मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या फाउंडर्स ब्रुअरीची 'ब्रेकफास्ट स्टाउट' आली: ओट्स, चॉकलेट, सुमात्रा आणि कोना कॉफी, मद्यार्क ८.३ टक्के. सॅन डिएगोच्या एलस्मिथची 'स्पीडवे स्टाउट' तर १२ टक्क्यांची आहे. डेन्मार्कमध्ये शिक्षक असलेले मिकेल बोर्ग ब्यॉर्गसो यांनी २००६ मध्ये मित्रासह मिकेलर सुरू केली. स्वतःची ब्रुअरी नसताना दुसऱ्यांच्या ब्रुअरीत जाऊन बिअर बनवणाऱ्या या कंपनीला नाव मिळवून दिले ते ओट्स आणि कॉफीच्या 'बिअर गीक ब्रेकफास्ट'ने.

या सगळ्यांना एकच प्रश्न सोडवावा लागला: कॉफी घालायची केव्हा? बिअर बनवताना माल्टचा गोड अर्क हॉप्सबरोबर तासभर उकळतात. त्या उकळीत कॉफी टाकली तर तिचा सुगंध वाफेबरोबर जातो आणि तुरटपणा मागे राहतो. म्हणून अनेक ब्रुअर कॉफी शेवटी घालतात, यीस्टचे काम संपल्यानंतर. कुणी अख्ख्या बिया एक-दोन दिवस गार बिअरमध्ये मुरवतात, कुणी भरड दळलेली कॉफी घेतात, कुणी गार पाण्यात बारा ते चोवीस तास काढलेला कोल्ड ब्रू भरण्याआधी मिसळतात. अख्ख्या बिया बुडवणे हा वरवर आळशी वाटणारा मार्ग मला सर्वांत शहाणा वाटतो. दळलेली नसल्यामुळे तेल आणि तुरट अंश थोडेच उतरतात, आणि मद्यार्क सुगंध चांगला खेचून घेतो. तेलाचा मुद्दा किरकोळ नाही. बिअरवरचा फेस माल्टमधल्या प्रथिनांवर उभा असतो, आणि तेल त्याचा शत्रू आहे. ज्या कॉफी स्टाउटचा फेस ओतल्याओतल्या विरतो, तिथे बहुधा बियांमधले तेल प्रमाणाबाहेर उतरलेले असते.

पेशे मोर्तेलची कथा मॉन्ट्रियलच्या लॉरिए वेस्ट रस्त्यावरची. तिथे १९९८ मध्ये द्यू द्यू सिएलचा छोटा ब्रूपब सुरू झाला. जाँ-फ्रान्स्वा ग्रावेल हे तिथले संस्थापक ब्रुअर. २००७ मध्ये त्यांनी जवळच्या साँ-जेरोम गावात मोठी ब्रुअरी काढली, आणि ही बिअर बाटलीतून बाहेरगावी जाऊ लागली. तिचा साचा इंपीरियल स्टाउटचा. अठराव्या शतकात लंडनच्या साउथवर्कमधली थ्रेल यांची ब्रुअरी रशियाच्या दरबारासाठी जी अतिकडक काळी बिअर पाठवी, तिच्या वंशातली ही. त्या पायावर 'फेअर ट्रेड' कॉफी मुरवतात, आणि कडवटपणा वाढवायचा हा हेतू ते लपवत नाहीत. बाकीचे बरेच ब्रुअर व्हॅनिला, चॉकलेट किंवा लॅक्टोज घालून कॉफीला मऊ करतात, हे लोक तसे करत नाहीत. म्हणूनच जव आणि कॉफी यांचा सामना इथे स्पष्ट दिसतो.

ती थेट फ्रिजमधून काढून पिऊ नये. चार अंशांवर सुगंधी संयुगे द्रवातून फारशी बाहेर येत नाहीत, आणि जीभही थंडीने अर्धी बधिर झालेली असते. अर्धा तास बाहेर ठेवावी, दहा ते तेरा अंशांवर येऊ द्यावी. पेला उंच, सरळ नको. ब्रँडीच्या पेल्यासारखा पोटात रुंद आणि तोंडाशी निमुळता घ्यावा आणि अर्ध्याहून कमी भरावा, म्हणजे वर सुगंध साठायला जागा राहते.

ओतताना ती तेलासारखी सावकाश उतरते. प्रकाशासमोर धरली तरी आरपार काही दिसत नाही, फक्त काठाशी गडद लालसर कड. फेस बदामी-तपकिरी, बारीक बुडबुड्यांचा. पहिला वास नक्की कॉफीचा, पण उकळत्या कपासारखा मोठ्याने ओरडणारा नव्हे. नुकत्या दळलेल्या गडद बियांचा तो वास असतो, थोडा मातीकडे झुकणारा. त्याच्या खाली डार्क चॉकलेट, काळी काकवी आणि सुकवलेल्या आलुबुखारासारखे फळ. हे फळ कुणी घातलेले नसते. आंबताना यीस्ट जी एस्टर तयार करते त्यांचा हा वास.

पहिल्या घोटात आधी जाडी जाणवते. एवढ्या कडक बिअरमध्ये यीस्टला न पचलेली साखर बरीच उरलेली असते, तिने जिभेवर साय धरल्यासारखे होते. क्षणभर गोडी येते आणि लगेच कडवटपणा तिच्यावर चालून येतो. इथे थांबून लक्ष द्यावे, कारण हा कडवटपणा तीन ठिकाणांहून आलेला आहे. हॉप्सचा पहिला आणि टोकदार. काळ्या माल्टचा त्यानंतरचा, कोरडा आणि राखेच्या जवळ जाणारा. कॉफीचा सर्वांत उशिरा पोहोचतो आणि सर्वांत शेवटी जातो. पेशे मोर्तेलमध्ये हे तिघे एकामागून एक येतात, गर्दी करत नाहीत, आणि उरलेली गोडी तिघांनाही पेलून धरते. घोट गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडून पाहावा. घशामागून नाकात जाणाऱ्या हवेबरोबर कॉफी पुन्हा येते, आणि या वेळी ती जास्त गोड, कोकोजवळची वाटते. मद्यार्काची ऊब छातीत कळते, घशाला मात्र जाळत नाही.

हीच बिअर वीस मिनिटांनी, पेला हातात कोमट झाल्यावर, वेगळी होते. कॉफी मागे सरकते, काकवी आणि फळ पुढे येतात. आंबूसपणाही आता कळू लागतो. तो कॉफीचाही असतो आणि गडद माल्टचाही, कारण भाजलेले धान्य पाण्याची आम्लता वाढवते. या आंबूसपणानेच इतकी जड बिअर तोंडाला जड पडत नाही. फाउंडर्सची ब्रेकफास्ट स्टाउट तिच्याशेजारी ठेवली तर स्वभावातला फरक चटकन समजतो. ओट्समुळे ती जास्त गुळगुळीत लागते, आणि चॉकलेट कॉफीच्या कडा घासून काढते. बहुतेकांना तीच आधी आवडेल. मला तिच्यात कॉफी थोडी लाडावलेली वाटते. स्पीडवेच्या १२ टक्क्यांसमोर तर कॉफीला आवाज चढवूनच बोलावे लागते.

काही कॉफी स्टाउटमध्ये मात्र हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो, आणि एकदा लक्षात आला की दुसरे काही जाणवत नाही. ढोबळी मिरचीला तिचा वास देणारे मेथॉक्सिपायराझिन कॉफीच्या कच्च्या बीमध्येही असते, आणि अनेक ब्रुअर हा दोष फार हलक्या भाजलेल्या किंवा जुन्या कॉफीच्या माथी मारतात. दुसरा दोष करपटपणाचा. काळे माल्ट आणि गडद भाजलेली कॉफी दोन्ही सढळ हाताने पडली की जळक्या लाकडाचा राठ कडवटपणा येतो, आणि तो कितीही साखर मागे ठेवली तरी झाकत नाही. तिसरा दोष म्हणजे चहा फार वेळ उकळल्यावर येतो तसा हिरड्या आवळणारा तुरटपणा, बहुधा गरम काढलेल्या कॉफीचा. आणि सोया सॉसची छटा आली तर बाटली जुनी झाली असे समजावे.

ओट्स आणि चॉकलेट यांच्याशिवाय मऊपणाचा आणखी एक मार्ग स्टाउटनेच शोधला. १९५९ मध्ये गिनेसने, तिथले गणितज्ञ मायकेल अॅश यांच्या कामातून, नायट्रोजनच्या दाबावर ओतायची ड्राफ्ट स्टाउट आणली. नायट्रोजन द्रवात फारसा विरघळत नाही, त्याचे बुडबुडे अतिसूक्ष्म असतात, आणि कार्बन डायऑक्साइडची जिभेवरची चुरचुर कमी झाल्याने कडवटपणा नरम वाटतो. २०१० नंतरच्या दशकात कॉफीच्या दुकानांनी ही युक्ती उचलली आणि नळातून फेसाळ पडणारी नायट्रो कोल्ड ब्रू विकायला सुरुवात केली. व्हीलर यांनी कॉफीकडून घेतलेले पिंप अशा रीतीने दोन शतकांनी फेडले गेले.

कॅफिनविषयी गैरसमज आहे, म्हणून हिशेब मांडतो. लिटरभर बिअरला सहा ग्रॅम कॉफी घातली असे धरू. अरेबिकात कॅफिन सुमारे १.२ टक्के, म्हणजे सगळे उतरले तरी लिटरमागे सुमारे ७० मिलिग्रॅम. ३४१ मिलिलिटरच्या बाटलीत ते साधारण २५ मिलिग्रॅम होते, एका मोठ्या कप कॉफीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतके. नोव्हेंबर २०१० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कॅफिनयुक्त मद्यपेये विकणाऱ्या चार कंपन्यांना ताकीद दिली. तिचा रोख वेगळे कॅफिन मिसळलेल्या पेयांवर होता, कॉफीसारख्या घटकातून आपोआप आलेल्या कॅफिनवर नव्हता. मद्यार्काचा हिशेब मात्र जास्त गंभीर आहे. ९.५ टक्क्यांच्या त्याच बाटलीत शुद्ध मद्यार्क सुमारे ३२ मिलिलिटर, म्हणजे ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचे अडीच छोटे पेग. कॉफीच्या चवीने हा कडकपणा झाकला जातो आणि कॉफीमुळे नशा उतरतही नाही. ही बाटली दोघांनी वाटून घ्यायची, आणि त्यानंतर गाडी चालवायची नाही.

वय हा कॉफी स्टाउटचा अवघड विषय. इंपीरियल स्टाउट साठवून मुरवायची असते, हे ऐकून लोक कॉफीवालीही कपाटात ठेवतात. तिच्यातला माल्ट मुरतो, खजूर आणि लेदरच्या छटा येतात, पण गंधकाची ती नाजूक संयुगे केव्हाच गेलेली असतात. फाउंडर्सची 'केबीएस' बर्बनच्या पिंपात मुरवलेली असल्याने तिथे लाकूड आणि व्हॅनिला कॉफीची जागा भरून काढतात. साध्या कॉफी स्टाउटला असा आधार नसतो. बाटलीवर भरल्याची तारीख असेल तर ती पाहावी आणि तीन-चार महिन्यांच्या आतलीच घ्यावी, असे माझे मत. दुकानात काचेच्या कपाटात उन्हासमोर उभी असलेली तर कितीही नावाजलेली असली तरी सोडून द्यावी.

पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाली, तेव्हापासून महाराष्ट्रात ताज्या, जागच्या जागी बनलेल्या बिअरचे प्रकार वाढत गेले आहेत, आणि कॉफीला ताजेपणाच हवा असतो. शिवाय दर्जेदार कॉफी चिकमगळूर आणि कुर्गहून रात्रभरात येते. कुणी ब्रुअर विचारेल तर मी मान्सून्ड मलबार सुचवीन. पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी दमट हवा देऊन बिया फुगवतात, त्यात तिचा आंबूसपणा बराचसा जातो आणि जड, मातकट, मसाल्याकडे झुकणारी चव उरते. काळ्या माल्टचा आंबूसपणा आधीच असलेल्या बिअरला अशी बी शोभेल.

सोबत काय खावे, तर तिखट नको. मद्यार्क आणि कडवटपणा दोन्ही मिरचीची आग वाढवतात, आणि भाजक्या खोबऱ्याच्या वाटणातले मटण कागदावर कितीही जुळणारे वाटले तरी ९.५ टक्क्यांपुढे तोंड पोळते. निळे चीज चांगले, कारण त्याचा खारटपणा कडवटपणाला नमवतो. सर्वांत जमते ती गोव्याची बेबिंका. नारळाचे दूध, अंड्याचे पिवळे आणि तूप यांचा थरावर थर देत वरून आच लावलेली असते, आणि प्रत्येक थराची खरपूस बाजू माल्टला जाऊन भेटते. तिचा पातळ काप किंचित कोमट करावा आणि दुसऱ्या अर्ध्या पेल्यासाठी राखून ठेवावा.